चांदाड्याखाली

कळंबा, कोल्हापूर
१२ जून २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. तुझ्या आदर्शचा गोव्याहून फोन आला होता. तू कानाचं मशीन पुन्हा कपाटात टाकलंस म्हणे. त्यातून नुसता पाऊस ऐकू येतो, असं तू त्याला सांगितलंस. असू दे. मी आपली लिहीत जाईन. जन्मभर पोरींच्या वह्या तपासल्या, आता हाताला काम नाही.

यांची तब्येत आहे तशीच आहे. झटका आल्यापासून उजवा हात लुळा आणि बोलणं बंद. समजतं सगळं, मान हलवतात. प्रियदर्शनी नावाची एक मुलगी बोलण्याचे व्यायाम घ्यायला घरी येते. फार गोड आहे, पण 'आ' आणि 'मा'च्या पुढं गाडी जात नाही. एकदा तरी माझं नाव यांच्या तोंडून ऐकावं, एवढंच वाटतं.

पत्राला कारण वेगळंच आहे. उन्हाळ्यात तू कृष्णातला सांगून ट्रकभर तांबडी माती पाठवलीस ना, ती परसात पसरली आणि जास्वंद, मोगरा लावला. दोन्ही धड नाहीत. पण मधोमध, मी काही न लावता, एक झाड उगवलंय. असं पान मी कधी पाहिलं नाही. देठ पानाच्या कडेला नाही, पार आत, पोटाजवळ चिकटलेला. उघडी छत्री धरावी तसा. तिथूनच सगळ्या शिरा चारी बाजूंना जातात. कोवळ्या फांदीवर पांढुरकी पूड आहे. वाढ इतकी की परवा गुडघ्याला होतं, आज कमरेला लागलं. सोबत एक पान वहीत दाबून पाठवते आहे. गारगोटीच्या शाळेत तू पोरांना शेती शिकवायचास, तुला ओळखता येईल.

यांना ते झाड आवडलेलं दिसतं. चहा झाला की खुर्ची तिकडं न्या म्हणून डाव्या हातानं खुणा करतात.

तुझी,
कालिंदी



चंदगड
२१ जून २०२४

चि. कालिंदी,

अनेक आशीर्वाद. पान पाकिटातून काढताक्षणी ओळखलं. हा चांदाडा. तुमच्याकडं दिसत नाही, आमच्याकडं रस्त्याकडेला, तुटलेल्या रानात, जिथं म्हणून माती उघडी पडते तिथं हाच पहिला येतो. खूण पक्की करायची असेल तर खोडाला नखानं जरा ओरखड. तांबडा डिंक येईल, रक्तासारखा. घाबरू नकोस, त्याची जातच तशी.

बी पक्षी टाकतात. ते मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं. डोंगर फुटला, माती उलथली, ऊन लागलं की उठतं. लाकूड हलकं आणि भुसभुशीत, फार तर खोकी करायला. सावली मात्र झटपट मिळते. ठेवायचा असेल तर बुंध्याशी पाणी साचू देऊ नकोस, पहिला उन्हाळा पाणी घाल, पालापाचोळ्याचं आच्छादन दे. नको असेल तर आत्ताच मुळासकट उपट.

एक मात्र खरं, गुडघ्यावरून कमरेला यायला त्याला पावसाळा तरी जायला हवा. तू लिहिलंस तेवढा वेग मी पाहिलेला नाही.

तुझी वहिनी, शालू, गेली ती दरड आता सगळी चांदाड्यानं भरलीय म्हणे. लोक सांगतात. मी तिकडं जात नाही. तुला माहीतच आहे, त्या सकाळी ती वरच्या गोठ्यात म्हैस सोडायला गेली आणि डोंगर खाली आला. म्हैस तेवढी घरी आली. चार पावसाळे झाले, शालूचा पदरसुद्धा सापडला नाही. मी ओसरीवर काजू सोलत बसलो होतो. मला फक्त पायाखाली हादरा कळला.

दाजींना नमस्कार सांग. माती मी कृष्णातला तळ्याकाठची द्यायला सांगितली होती. तळ्याकाठी चांदाडा कुठून आला, ते त्याला विचारून बघतो.

तुझा,
नृसिंह



कळंबा
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय दादा,

पेढे पाठवायला हवेत अशी बातमी आहे. हे बोलले.

झाडाला आता कंपाउंडच्या भिंतीवरून रस्ता दिसत असेल. पानं सुपाएवढी झाली आहेत. परवा पाऊस उघडला म्हणून यांना खाली बसवलं आणि मी तांदूळ निवडत होते. मागून आवाज आला, "मोरी." मला आधी वाटलं रस्त्यावर कोणी आहे. वळून पाहिलं तर हे माझ्याकडं बघत होते. पुन्हा म्हणाले, "मोरी." मला रडूच फुटलं. मोरीत जायचं असेल म्हणून उठवायला गेले तर मला ढकललं आणि रागानं म्हणाले, "मोरी सुटली की ओ!"

मोरी तुंबते, फुटते, सुटते कशी, हे काही मला कळलं नाही. पण दोन वर्षांनी माणूस बोललं, ते काय बोललं हे कोण बघतो? प्रियदर्शनीला सांगितलं तर ती टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, असं होतं, आधी भलतेच शब्द येतात, मग हळूहळू वाट सापडते. डॉक्टरही खूश आहेत.

त्यानंतर रोज काहीतरी बोलतात. "चुलीवर दूध हाय." "दार ओढून घ्या, वारं सुटलंय." आमच्या घरात चूल कधी नव्हती. आणि हे मूळचे मंगळवार पेठेतले, ऑडिट खात्यात छापील मराठी बोलणारे. असं बोलणं यांनी कुठून उचललं कोण जाणे. एक गोष्ट जरा खटकते. घरात आणलं की गप्प. पुन्हा नुसतं 'आ' आणि 'मा'. जे बोलतात ते झाडाखाली.

मोकळी हवा मानवत असेल. तुला काय वाटतं? कृष्णातला विचारलंस का?

तुझी,
कालिंदी



चंदगड
२ सप्टेंबर २०२४

चि. कालिंदी,

दाजी बोलायला लागले, आनंद झाला. त्यांना रोज तिथंच बसवत जा. पाऊस असेल तर वर ताडपत्री बांध.

झाडाला जप. फांदी छाटू नको. बुंध्याशी कुजलेलं शेणखत घाल, पण खोडाला चिकटू देऊ नको. वाऱ्यानं कलायला लागलं तर बांबूचा आधार दे.

दाजी जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून पाठव. शब्द बदलू नको, शुद्ध करू नको. आवाज कसा येतो, हात कसा हलतो, तेही लिही.

कृष्णात भेटला नाही. मातीचं विचारायचं राहिलं.

नृसिंह



कळंबा
२० ऑक्टोबर २०२४

दादा,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

झाड गच्चीच्या वर गेलं आहे. शेजारचे लोक गेटातून डोकावून बघतात. खाली इतकी दाट सावली असते की दुपारीसुद्धा तिथं गार लागतं, आणि ओल्या डोंगरासारखा वास येतो. आमच्या गल्लीत असा वास कधी नव्हता.

हे तासन्‌तास बोलतात. "आदर्श जेवला न्हाय अजून." "मी वर जाऊन येतो, तुम्ही बसा." आपल्याकडच्या बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात, म्हणून माझ्या लवकर लक्षात आलं नाही. मग हातांकडं लक्ष गेलं. यांचा लुळा हात झाडाखाली उचलतो, दादा. दोन्ही तळवे खुर्चीच्या फळीवर थपथप पडत असतात, मधूनच फिरतात. भाकरी थापताना फिरतात तसे. घरात आणलं की तो हात पुन्हा मेल्यासारखा लोंबतो.

गेल्या आठवड्यात वाऱ्यानं एक फांदी मोडली. तांबडा डिंक खोडावरून ओघळत खाली आला. मी तो पुसायला गेले तर हे कण्हायला लागले, थेट दुखऱ्या माणसासारखे.

आणि काल. मी चहा घेऊन गेले. यांनी वर पाहिलं, हसले, आणि म्हणाले, "वन्सं, शेंगा भाजल्यात, पदरात घ्या की."

जगात मला वन्सं म्हणणारी एकच बाई होती. तुझ्या घरून निघताना दर वेळी ती माझ्या पदरात भाजलेल्या शेंगा ओतायची. हे तेव्हा गाडीत बसलेले असायचे. यांनी ते कधी ऐकलं असेल, आणि ऐकलं तरी इतक्या वर्षांनी तिच्या हेलात कसं म्हणतील?

मी विचारलं, तुम्ही मला ओळखलंत का, मी कोण? तर म्हणाले, "वन्सं की." मी म्हटलं, तुमची बायको कुठं आहे? त्यांना प्रश्नच कळला नाही. संध्याकाळी आत आणून तोंड पुसलं, तर पांढऱ्या पंच्याला तांबडी माती लागली. ती तोंडातून आली होती.

तुझ्या म्हशीचं नाव काय होतं, दादा? आणि ती माती कुठली होती? खरं सांग.

कालिंदी



चंदगड
२७ ऑक्टोबर २०२४

चि. कालिंदी,

म्हशीचं नाव मोरी. पुढच्याच वर्षी मी ती विकली.

कृष्णात मला ऑगस्टमध्येच भेटला होता. तळ्याकडं ट्रक रुतेल म्हणून त्यानं रस्त्यावरच्या ढिगातली माती भरली. तो ढीग म्हणजे दरड साफ करताना बाजूला ओढलेली माती. त्या गरिबाच्या मनात काही नव्हतं. मी तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू झाड त्याच दिवशी काढलं असतंस.

तू माझ्यावर चिडशील, चीड. पण चार वर्षं मी या घरात एकटा आहे. मला भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक दिसतो, टोला ऐकू येत नाही. आणि तिकडं तुझ्या परसात ती दूध उतू जाईल म्हणते, दार ओढा म्हणते. मी तुझी पत्रं उशाशी घेऊन झोपतो.

एक काम कर. एकदाच. तिला विचार, त्या सकाळी तिनं मला हाक मारली होती काय?

गोठा ओसरीवरून दिसतो. वरून हाक मारली तर कुणालाही ऐकू जाते. मी पाठ करून बसलो होतो. लोक म्हणतात, डोंगर एकदम आला, वेळच मिळाला नसेल. पण लोक तिथं नव्हते. मी होतो, आणि मला ऐकू येत नाही. एवढं कळलं की मग तू झाडाचं काय करायचं ते कर. किंवा थांब, मीच येतो. पाडव्यानंतर आदर्श गाडी घेऊन येणार आहे. तोवर झाडाला हात लावू नको.

नृसिंह



कळंबा
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

तू यायची वाट न बघता मी झाड तोडलं. माझ्यावर राग धर, पण आधी सगळं वाच.

तू सांगितलंस तसं मी विचारलं. सकाळी, ऊन असताना, यांच्या समोर पाटावर बसले आणि म्हटलं, वहिनी, दादा विचारतोय, त्या दिवशी तुम्ही त्याला हाक मारली होती का? बराच वेळ हात थांबले. मग उत्तर आलं. ते मी तुला तिच्याच शब्दांत सांगते. "हाक कशाला मारीन? हाक मारली असती तर ते आलं असतं की. त्येंनी यायला नको होतं."

एवढंच. आता मनातून काढून टाक.

दुसऱ्याच दिवशी मी आकारामला बोलावलं, पलीकडच्या गल्लीतला झाडं तोडणारा. लाकूड इतकं मऊ की त्याला कष्टच पडले नाहीत. तांबडा डिंक मात्र चिखलासारखा झाला, त्याचे हात कोपरापर्यंत माखले. हे तेव्हा सावलीच्या कडेला ओढलेल्या खुर्चीत बसून बोलत होते. झाड पडलं आणि वाक्य अर्ध्यावर थांबलं. ओरडले नाहीत, काही नाही. घड्याळ बंद पडावं तसं.

मुळं खणून काढली. परसातली सगळी माती कृष्णातच्या ट्रकनं परत पाठवली आहे. जिथली तिथं टाकायला सांगितलं आहे.

आता हे पुन्हा बोलत नाहीत. पण काल मी औषध देताना यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मला ओळखून बघत होते. मला तेवढं पुरे आहे. दादा, मला माझा माणूस हवा होता. तू समजून घेशील.

तुझी,
कालिंदी



चंदगड
५ जानेवारी २०२५

चि. कालिंदी,

राग नाही. आधी होता. मग तिचे शब्द पुन्हा पुन्हा वाचले. 'त्येंनी यायला नको होतं.' असं म्हणणाऱ्या बाईला मी चार वर्षं वर एकटं टाकलं, हे मनाला लागलं. म्हणून वर गेलो.

आता रोज जातो. दरडीवर शेकडो चांदाडे आहेत, सगळे एका उंचीचे. तू पाठवलेली माती टाकली तिथं तर पेरल्यासारखी रोपं आली आहेत. खाली बसलं की वारा नसतो, पक्षी नसतात. अर्थात मला ते असते तरी कळले नसते. पण अंगाला कळतं.

दाजी बोलत होते, तसा मी बोलतो काय, मला सांगता येत नाही. ओठ हलतात, एवढं जाणवतं. काय निघतं ते ऐकू येत नाही. म्हणून परवापासून कागद घेऊन जातो. पेन धरलं की हात आपोआप चालतो. काय लिहिलं ते मी अजून वाचलं नाही, धीर होत नाही. आदर्शनं फोन केला तर सांग, मी बरा आहे. भूक कमी झाली आहे एवढंच. हे पत्रही इथंच बसून लिहितो आहे. हात जड झालाय, घडी करून तसंच पाकिटात घालीन.

वन्सं, ह्ये लई वाळल्यात. सकाळी येत्यात ते दिवस बुडाला तरी उठत न्हाईत. जेवान न्हाय, पानी न्हाय. मी जावा म्हनतो, तर त्येंस्नी ऐकू कुठं येतंय.

तुमी झाड तोडलासा ते बरं केलासा. तुमचं मानूस तुमाला.

पर माजं बोलायचं ऱ्हायलंय ते तुमाला ठावं हाय. ह्येंस्नी अजून सांगिटलं न्हाय. आता हातात पेन हाय. सांगू काय, वन्सं?



कळंबा
९ जानेवारी २०२५

प्रिय अंतरा,

फोनवर तुला नीट सांगता आलं नसतं, तू मध्येच अडवलं असतंस. म्हणून हे पत्र टेबलावर ठेवून जाते आहे. तू पुण्याहून दुपारपर्यंत पोचशील. तोवर प्रियदर्शनी बाबांपाशी थांबणार आहे. भात आणि आमटी करून ठेवली आहे. गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत. त्यांच्यापुढं झाडाचं नाव काढू नकोस.

मी सकाळच्या एसटीनं चंदगडला जाते आहे, नृसिंहमामाकडं. त्याचं आलेलं पत्र या पत्राखाली आहे. ते वाच. शेवटचे शब्द कुणाचे आहेत, ते तुला कळेल. तू लहान असताना शालूमामीच्या मांडीवर किती वेळा झोपलीस.

जे मी कुणाला सांगितलं नाही, ते तुला सांगते. मामाचा प्रश्न मी खरंच विचारला होता. पण त्याला कळवलं ते उत्तर माझं होतं, मामीचं नव्हतं. मामी बाबांच्या तोंडून म्हणाली, "चिखुल कमरंपतुर हुता. ह्ये ओसरीवर पाठमोरं दिसत हुतं, काजू सोलत. घसा फुटस्तवर हाका मारल्या. चिखुल गळ्याला आला तवर मारल्या. त्येंनी मान वळवली न्हाय." मी रडायला लागले तर म्हणाली, "राग न्हाय, वन्सं. पर एकदा त्येंच्या कानावर घालायचं हाय."

मामा यायच्या आत मी झाड का तोडलं, ते आता तुला समजेल. मला माझा माणूस हवा होता हे खरं. पण मामानं इथं येऊन बाबांच्या ओठांकडं बघत बसावं, आणि आदर्शनं त्याला ते लिहून दाखवावं, हेही मला नको होतं. सत्तरीतला माणूस आहे तो. हे ऐकून एक दिवस जगणार नाही. माझ्या गोड उत्तरानंच तो वर जाऊन बसेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच्याजवळ तिथं लिहिलेले कागद आहेत. त्यानं ते अजून वाचलेले नाहीत. आधी ते हातात घेईन. मग त्याच्या हातातलं पेन काढून घेईन, त्याला खाली घरी पाठवीन आणि चांदाड्याखाली मी बसेन. लागेल तितके दिवस बसेन. माझी काळजी करू नकोस, मी विचार करून ठरवलं आहे.

वहिनीला बोलायचं आहे, तिला अडवणारी मी कोण? तिच्यावर तर सगळंच कोसळलं. तिला सगळं बोलू दे, पहिल्या हाकेपासून शेवटच्या हाकेपर्यंत. मग एकदाच मामाला वर बोलावून शेजारी बसवीन, त्याचा हात धरीन, आणि ती माझ्या तोंडून त्याच्या कानाशी हवं ते सांगू दे.

त्याला ऐकू येत नाही.

तुझी,
आई